पाटील सरांचं नाक

आमच्या केंद्रात कामावर यायचं तर आधी हिंग हुंगावा लागायचा. ओळखपत्र घरी राहिलं तर चालायचं, उशीर झाला तरी कोणी फारसं बोलायचं नाही, पण हिंग चुकवून कोणी आत गेला असं कधी झालं नाही. फाटकाशी पत्र्याच्या सावलीत खुर्ची टाकून पाटील सर बसलेले असत. मांडीवर रुमाल, हातात स्टीलची चिमुकली डबी. आपण सायकल स्टँडवर लावतो न लावतो तोच डबी नाकाखाली.

"कसला वास?"

"हिंगाचा, सर."

"जा."

एकदा नगरपालिकेचे नवे साहेब पाहणीला आले. गाडीतून उतरले, हार घालून घेतला, आणि हार नीट बसायच्या आतच सरांनी डबी पुढे केली. साहेबांना वाटलं प्रसाद आहे. त्यांनी हात पुढे केला. सर म्हणाले, "हात नको, नाक." साहेबांना सर्दी होती. त्यांना काही कळेना. तेव्हा सरांनी अत्यंत अदबीने त्यांना केबिनमध्ये बसवलं, चहा दिला आणि सांगितलं की सर्दी असलेल्या माणसाला विहिरीच्या अंगाला जाता येणार नाही. साहेबांनी आमचं अख्खं केंद्र खिडकीतून पाहिलं. हा अपमान ते विसरले नाहीत.

तुम्ही म्हणाल, हा काय चक्रमपणा. तर आधी आमचं केंद्र म्हणजे काय ते सांगतो. जळगाव जिल्ह्यातलं एक तालुक्याचं गाव. गावाबाहेर, केळीच्या बागा सुरू होतात तिथे आमचं मैलापाणी शुद्ध करायचं केंद्र. गाव ज्याच्याकडे पाठ फिरवतं ते सगळं आमच्याकडे तोंड करून येतं. न्हाणीचं आणि संडासाचं पाणी तर येतंच, ते गरीब बिचारं. पण त्याच्या आडून चटईच्या कारखान्याचा रंग येतो, सोनं गाळणाऱ्याचं तेजाब येतं, फोडलेल्या बॅटऱ्यांचं पाणी येतं. एखाद्या दिवशी पाणी जांभळं असतं, एखाद्या दिवशी त्याला फेस असतो. जाळीला कधी कुत्रं अडकतं, कधी वासरू. एकदा असं काही अडकलं होतं की पोलीस आले, आणि त्या दिवशी आमच्यातलं कोणी जेवलं नाही.

हे सगळं पाणी आधी एका खोल सिमेंटच्या विहिरीत जमतं आणि तिथून पंप ते वर उचलतो. या विहिरीत वायू साठतो. थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. जास्त झाला की पहिल्यांदा माणसाचं नाक मारतो. वास येईनासा होतो, माणसाला वाटतं हवा स्वच्छ झाली, आणि तो आणखी एक पायरी उतरतो. पुढचं पेपरात येतं. आतल्या पानावर, चार ओळींत.

म्हणून सरांचं एक वाक्य आम्हा सगळ्यांना पाठ होतं. "वास गेला, माणूस गेला." वायू मोजायचं यंत्र आमच्याकडे होतं, पण ते केंद्रात कमी आणि दुरुस्तीला पुण्यात जास्त. त्यामुळे ज्याचं त्याचं नाक हेच यंत्र, आणि त्या यंत्राची रोजची तपासणी म्हणजे हिंग.

सर मूळचे धुळ्याकडचे, नरडाण्याजवळच्या एका खेड्यातले. शिकलेले, केमिस्ट. पाण्यात काय आलंय ते ओळखायचं आणि ते ओळखल्याशिवाय कोणाला हात लावू द्यायचा नाही, ही त्यांची नोकरी. अर्धं आयुष्य जळगावकडे गेल्याने बोलणं आमच्यासारखंच, पण डोकं तापलं की अहिराणी वर यायची. पाण्याला वेगळा रंग दिसला की काठावर उभे राहून त्या पाण्यालाच दरडावायचे, "काय शे यामा? माले सांग आधी!" पाणी सांगायचं नाही. मग ते बाटली बुडवायचे आणि प्रयोगशाळेकडे बघून ओरडायचे, "शेख, नाक आण!"

शेख म्हणजे मी. प्रयोगशाळेत मदतनीस. पाचोऱ्याला आमच्या घरचं मसाला कांडप आहे. आजोबांपासूनचं. आम्हा भावंडांना अक्षरओळख व्हायच्या आधी मसाल्यांची ओळख झाली. डोळे बांधून दालचिनी कुठली आणि तमालपत्र कुठलं हे आम्ही सांगायचो, आणि चुकलं की अब्बा टपली मारायचे. सरांना हे कळल्यापासून माझी खरी नोकरी नाकाची झाली. बाटली माझ्यापुढे यायची, मी हुंगायचो, सांगायचो. सर मान डोलावून मग रीतसर चाचणी लावायचे. मला वाटायचं, मोठा माणूस आहे, धाकट्याला मान देतो.

केंद्राबाहेरही त्यांना चैन नसे. त्यांचं खरं वैर होतं निळ्या ड्रमशी. आमच्याकडे पाणी चार-आठ दिवसांनी येतं, म्हणून प्रत्येक घरी निळा ड्रम. हे ड्रम येतात कारखान्यांतून. आधी त्यात काय होतं हे घेणारा विचारत नाही, विकणारा सांगत नाही. सर मात्र विचारायचे. कोणाच्याही घरी गेले की पाण्याचा पेला हातात घेऊन पहिला प्रश्न, "हा ड्रम आधी कशाचा होता?" हळूहळू लोकांनी त्यांना पाणी विचारणं सोडून दिलं.

भिकनच्या पुतणीच्या लग्नात तर कहर झाला. भिकन आमचा विहिरीत उतरणारा माणूस. पंपात चिंध्या अडकल्या, पिशव्या अडकल्या, की दोर बांधून तो खाली जायचा. लग्नात मठ्ठा निळ्या ड्रममध्ये घुसळलेला. सरांनी ड्रमच्या बुडाशी वाकून पुसट अक्षरं वाचायचा प्रयत्न केला, ती लागेनात, आणि कोणी काही म्हणायच्या आत त्यांनी ड्रम आडवा केला. मांडवभर मठ्ठा. वऱ्हाडी मंडळी धोतरं सावरत पळाली. मुलाचा मामा अंगावर धावून आला, तेव्हा भिकन हात जोडून मध्ये पडला. दुसऱ्या दिवशी शोध लागला की त्या ड्रममध्ये आधी आंब्याचा रस होता. सरांना ना खेद ना खंत.

"आज आंबा निघाला," म्हणाले. "रोज आंबा निघत नाही."

या अशा माणसाचा संसार कसा झाला असेल, असं आम्ही आपसात म्हणायचो. पण काकू होत्या तोवर सर दुपारी डबा उघडायचे तेव्हा शेवभाजीच्या वासाने अख्खी प्रयोगशाळा वर मान करायची. काकू कोरोनात गेल्या. सरही त्याच वॉर्डात होते, ते परत आले. मुलगा पुण्यात नोकरीला, त्याने बरोबर चला म्हटलं, सर गेले नाहीत. कामावर हजर झाले आणि हिंगाची डबी तेव्हापासूनच सुरू झाली. आम्ही म्हटलं, बायको गेल्याने डोक्यावर परिणाम झाला. त्यांचा डबा आता खानावळीतून यायचा. ते तो झपाझप संपवायचे, सुपारी मोजल्यासारखे घास.

मध्यंतरी एक गंमत झाली. भिकनने एक दिवस डबीतला हिंग काढून त्यात बेसन भरलं. सकाळी आम्ही रांगेत. सरांनी एकेकाच्या नाकाखाली डबी धरली आणि प्रत्येकाने सांगितलं, "हिंगाचा, सर." सर खूश. मलाही तोच प्रश्न आला. नुसत्या पिठाचा वास, पण मागे भिकन डोळे मिचकावत उभा. मीही म्हटलं, हिंगाचा. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आम्ही पोट धरून हसलो.

यात हसण्यासारखं काही नव्हतं, हे पुढे एका शुक्रवारी कळलं.

त्या दिवशी मी दुपारच्या नमाजाला गावात गेलो होतो. परत येतो तो बाजारपेठेतली गटारं उलटी वाहत होती. मिठाईच्या दुकानात घाण पाणी शिरलेलं, लोक तोंडाला रुमाल बांधून आमच्या खात्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. म्हणजे पंप बंद पडलाय, हे मी ओळखलं आणि सायकल हाणली.

केंद्रात पोचलो तर विहिरीशी हे दृश्य. विहिरीवरचं लोखंडी झाकण बंद, आणि झाकणावर पाटील सर मांडी घालून बसलेले. भर उन्हात. लोखंड तापलेलं, खाली रुमाल अंथरलेला. समोर भिकन कमरेला दोर बांधून उभा, कानावर विडी. चौकीदाराच्या हातात फोन, आणि फोनमधून साहेबांचा आवाज आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होता. गावात बोंब झालीय, आमदारांचा फोन आलाय, त्या म्हाताऱ्याला उठवा आणि माणूस खाली सोडा.

"काही वास नही सर," भिकन गयावया करत होता. "मी दोनदा वाकीसन देखं. चोखं शे. मी उतरस, चिंध्या काढस, आणि लगेच वर येस."

"आधी माले उचल, मंग उतर!"

"मरनू ते मरनू सर, आम्हना कोण रडी राह्यनं!"

मेलो तर मेलो, कोण रडतंय, हे तो सहज म्हणाला. घरी बायको आणि तीन लेकी असलेला माणूस. सरांचा चेहरा मला तेव्हा विचित्र वाटला. रागावलेला नव्हता. घाबरलेला होता. पुस्तक उघडलंय आणि अक्षर लागत नाही अशा माणसाचा चेहरा होता तो. मग त्यांना मी दिसलो.

"शेख! नाक आण!"

ते उठले. झाकण बोटभर सरकवलं. मी रुमाल नाकाला लावून वाकलो, रुमाल काढला, एकच श्वास घेतला आणि मागे झालो.

"लसूण, सर."

"नीट सांग. लसूण, आणि त्याच्याखाली?"

वासाला वास झाकतो, म्हणून वरचा वास सांगून थांबायचं नाही, त्याच्याखाली काय आहे ते शोधायचं, हे त्यांनीच मला शिकवलेलं. मी पुन्हा वाकलो. "खाली सडकं अंडं आहे."

त्यावर सर जे ओरडले ते मी कधी ऐकलं नव्हतं. भिकनच्या कानावरची विडी त्यांनी स्वतः उपटून लांब फेकली. चौकीदाराला फोनसकट पळवलं. पंपाच्या खटक्याला कोणी हात लावायचा नाही, म्हणून मला वीजघराच्या दाराशी उभं केलं. लसणाचा वास म्हणजे कार्बाईड. केळी पिकवायची पावडर. पाण्यात पडली की जळणारा वायू सुटतो. खटक्याची एक ठिणगी पडती तर विहीर आणि आम्ही सगळे आकाशात. आणि नुसता उतरता तरी भिकन पुन्हा वर आला नसता. सर इतका वेळ मांडी घालून कशावर बसले होते, हे मला तेव्हा कळलं.

तपासणी येणार अशी आवई उठली आणि कोणीतरी घाबरून वरच्या अंगाला गटारात या बंदी असलेल्या पावडरीची पोती रिकामी केली, असं नंतर ऐकलं. कोणी ते कळलं नाही. अशा गोष्टी कळत नसतात.

दुसऱ्या दिवशी एका कारखान्यातून यंत्र मागून आणलं, काटा खाली आल्यावर भिकन उतरला, चिंध्या काढल्या, वर आला, चहा प्यायला. गावाला याचं काही नव्हतं. गाव एक रात्र घाणीत झोपलं आणि त्याला कारण पाटील, एवढंच गावाला ठाऊक. मिठाईवाल्याने तर सरांच्या नावाने अर्ज केला.

पण भिकनला तो लसणाचा वास आला कसा नाही? मी त्याला बाजूला घेऊन विचारलं. त्याने नाक ओढत सांगितलं, आठवडाभर सर्दी आहे.

"अरे, मग सकाळी हिंग कसा ओळखला?"

"रोज हिंगच ऱ्हास ना भाऊ," तो म्हणाला. "मंग हुंगानं कसाले?"

खरंच होतं. आम्ही कोणीच हुंगत नव्हतो. आम्ही उत्तर देत होतो. सर रोज तेच विचारत होते आणि आम्ही रोज तेच सांगत होतो, बेसन असलं तरी. मी हे सरांना सांगायला गेलो. सर प्रयोगशाळेत एकटे बसले होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "शेख, दार लाव."

मी लावलं.

"मला वास येत नाही."

"काल सर?"

"कालही. परवाही. ही ज्या आजारात गेली, त्यात माझं नाक गेलं. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. नाही आलं. हिंग नाही, फिनेल नाही. जेवताना कळत नाही की भात खातोय का कापूस."

मला बेसन आठवलं. डबी त्यांच्या स्वतःच्या हातात होती.

"मग सांगितलं का नाही सर?"

"सांगितलं असतं तर घरी बसवलं असतं. नाक नसलेला केमिस्ट कोण ठेवतो? आणि घरी काय आहे?" ते खिडकीबाहेर बघत राहिले. "काल भिकन म्हणाला, वास नाही. मी वाकलो, मलाही नाही. सगळे म्हणत होते सोडा. मी सोडणार होतो, शेख. तोंडापर्यंत आलं होतं. पण मला तर कधीच येत नाही. मग नाही म्हणजे नाही, की नाही म्हणजे आहे, हे मी कोणाला विचारू? बसलो मग झाकणावर."

त्याच आठवड्यात त्यांनी स्वतः साहेबांपुढे उभं राहून हे सांगितलं. साहेबांना केवढा आनंद झाला असेल याची कल्पना करा. सरांना स्टोअरमध्ये टाकलं. तिथे ते पाईप आणि ब्लीचिंग पावडरच्या पोत्यांमध्ये बसतात. फाटकावर आता मी बसतो आणि रोज वेगळा वास ठेवतो. आज जिरं, उद्या कापूर, परवा काहीच नाही. काही नसताना ज्याने ओवा सांगितला, तो त्या दिवशी झाडू मारतो. भिकन मला शिव्या देतो, पण हुंगतो.

हे सगळं मार्गी लागल्यावर एका रविवारी सरांचा फोन आला. "शेख, नाक घेऊन घरी ये."

मी पहिल्यांदाच त्यांच्या घरी गेलो. मला वाटलं गॅस गळत असेल. सरांनी मला थेट स्वयंपाकघरात नेलं. भिंतभर फळी आणि फळीवर स्टीलचे डबे, सगळे एकसारखे, सगळे लख्ख पुसलेले. ओट्यावर मात्र नुसतं चहाचं पातेलं.

"मुलगा म्हणतो फेकून द्या," सर म्हणाले. "पण कशात काय आहे ते कळल्याशिवाय फेकायचं कसं? आणि खायचं तरी कसं? हिला विचारायची कधी वेळच आली नाही. तिला सगळं हाताला माहीत होतं."

काकू गेल्यापासून त्या डब्यांना या माणसाने पुसण्यापलीकडे हात लावला नव्हता. मी एकेक डबा खाली घेतला. धण्याची पूड. सुंठ. बाजरीचं पीठ, त्यात किडे. तीळ. एका डब्यात पांढरी पूड निघाली, ती मी जरा लांबूनच हुंगली. झुरळांची पावडर. पिठीसाखरेच्या शेजारी. मी तसं सांगितलं तेव्हा इतक्या दिवसांत पहिल्यांदा सर हसले. "बघ! मी म्हणत नव्हतो, ओळखल्याशिवाय हात लावू नये?"

शेवटचा डबा छोटा होता. झाकण घट्ट बसलेलं. उघडला तर काळा मसाला, अर्ध्याच्या वर. आमच्याकडे वर्षाचा मसाला उन्हाळ्यात करतात. म्हणजे हा काकूंच्या हातचा शेवटचा. मी नाक घातलं आणि थांबलो. खोटं सांगावंसं वाटलं. पण या माणसासमोर वास खोटा सांगणं मला जमलं नाही.

"खवट झालाय, सर. खोबरं गेलंय. टाकावा लागेल."

सर म्हणाले, "त्याच्याखाली?"

मी पुन्हा वाकलो. डोळे मिटले. "दगडफूल आहे. लवंग आहे, थोडी. आणि कांदा..."

"कांद्याचं काय?"

"कांदा जरा करपलाय."

"करपणारच," ते म्हणाले. "कढई चढवायची आणि खिडकीतून शेजारणीशी बोलत बसायची. मी ओरडायचो तिच्यावर. दर उन्हाळ्यात ओरडायचो."

मी झाकण लावायला लागलो. त्यांनी माझं मनगट धरलं.

"थांब. अजून सांग. काय काय आहे ते सगळं, बठ्ठं सांग."

मी पुन्हा डब्यात नाक घातलं आणि सांगू लागलो.